राऊत सरांची खरी भूक

अर्धांगवायूनंतर चार-साडेचार महिन्यांनी राऊत सरांच्या तोंडातून पहिला धड शब्द निघाला, आणि तो निघाला 'मीठ'. तोवर घशातून नुसती गुरगुर यायची आणि तिचा अर्थ ज्याला जसा सोयीचा वाटेल तसा तो लावून मोकळा व्हायचा. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकाच सकाळी गेली होती, मसोली गावातल्या घरामागच्या चिकूच्या वाडीत सूर्यनमस्कार घालता घालता. त्या दुपारी मनोरमा, म्हणजे सरांची बायको, नेहमीप्रमाणे खाटेशी स्टूल ओढून बसली होती. मांडीवर ताट, ताटात कच्च्या दुधीचा कीस आणि मोड आलेले मूग. तिनं पहिला चमचा पुढं केला आणि सर म्हणाले, "मीठ." इतकं स्वच्छ, की शेवटचा ठसुद्धा ठसठशीत उमटला. शेजारच्या जमनाबेन भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यावर टेकल्या होत्या, त्या टाळ्या पिटत उठल्या. "बोल्या! मनोरमाबेन, सर बोल्या!" मनोरमाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला, सरांनी तो नीट निरखून पाहिला, त्यात खोट नव्हती. मग तिनं चमचा परत ताटात ठेवला. "तुम्ही चव मागितलीत," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे भूक खोटी. आता संध्याकाळी बघू." आणि ताट उचलून ती आत गेली. जमनाबेनना काही उमगलं नाही, पण त्यांनी डोळ्यांना पदर लावला, कारण प्रसंग तसा होता.

नियम सरांचाच होता, शब्दही सरांचेच. तक्रार करायची तरी कुणाकडं? चौऱ्याऐंशी साली पोटातल्या जळजळीनं ते हैराण झाले होते. डहाणूच्या डॉक्टरांनी हात टेकले, मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, आणि सर कुणाचं न ऐकता गुजरातेतल्या एका निसर्गोपचाराच्या आश्रमात जाऊन राहिले. महिन्याभरानं परतले ते सडसडीत, तुकतुकीत आणि असह्य होऊन. जळजळ खरोखरच गेली होती. सगळा घोटाळा तिथंच झाला. स्वतःचं पोट बरं झाल्याबरोबर त्यांना दुसऱ्यांची पोटं दिसायला लागली. आल्या आल्या त्यांनी घरातला रॉकेलचा स्टो वाडीत कामाला येणाऱ्या कमळीला देऊन टाकला. मिठाची बरणी, लोणच्याची बरणी आणि सुक्या मासळीचा डबा चिकूखाली पुरला, आणि खड्डा मनोरमाकडून बुजवून घेतला. मनानं स्वीकारायचं तर आधी हातानं करावं लागतं, असं आश्रमात सांगत. अग्नी अन्नाला मारतो, मीठ रक्ताला मारतं. भूक दोन प्रकारची, खरी आणि खोटी. खरी भूक असली की कच्चा दुधीसुद्धा गोड लागतो. खोट्या भुकेला मीठ-मिरची लागते. म्हणून घरात कुणी चव मागितली, नुसतं तोंड वाकडं केलं तरी, त्याच्यापुढचं ताट उचलायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत त्याला लिंबूपाणी द्यायचं. ताट उचलायचं काम मनोरमाचं. रोज सकाळी सर ओटीवर उभे राहत आणि घरातली माणसं एकेक करून त्यांच्यापुढं जीभ काढत. जीभ पांढरी असली तर आत विष आहे, त्या दिवशी काही खायचं नाही. शाळेत ते खेळाचे शिक्षक होते; गळ्यातली शिट्टी घरीही गळ्यातच असायची.

लोकांना हे फार आवडायचं, म्हणजे ऐकायला. डहाणू रोडच्या वाचनालयात सर व्याख्यान द्यायचे, "माझं घर हीच माझी प्रयोगशाळा" या वाक्यानं सुरुवात करायचे, आणि पहिल्या रांगेत मनोरमा बसलेली असायची, बारीक होत होत चष्म्याच्या काडीएवढी उरलेली. कुणीतरी मास्तरीणबाई विचारायच्या, "वहिनी, तुम्हाला जड नाही का जात?" मनोरमा म्हणायची, "सवय झाली." घरी आल्यावर सरांनी तिला समजावलं. रागावून नव्हे, रागावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, रागानं पित्त वाढतं. 'सवय झाली' हे हरलेल्या माणसाचं बोलणं झालं, ते म्हणाले, 'आवडतं' म्हणावं. पुढच्या व्याख्यानाला ती 'आवडतं' म्हणाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सरांना त्या टाळ्या पोटात गूळ विरघळावा तशा गोड लागल्या. आता छताच्या वाशांकडं बघत पडलं की त्यांना ते आठवतं आणि स्वतःची शरम वाटते, आणि शरम वाटत असतानाच त्या टाळ्या पुन्हा ऐकाव्याशा वाटतात. माणसाचं अर्धं अंग गेलं तरी ही हाव जात नाही, याचं त्यांना नवल वाटतं. मुलगी अदिती आठवीत असताना शाळेच्या प्रार्थनेला रांगेत कोसळली होती. सर समोरच उभे होते. त्यांनी तिला उचलू दिलं नाही. उन्हात तशीच पडू दिली आणि सगळ्या शाळेला सांगितलं, घाबरू नका, विष बाहेर पडतंय. तिचा एक डोळा अर्धवट उघडा होता आणि ती बापाकडं बघत होती. पुढं तिनं वापीच्या एका मुलाशी लग्न केलं तेव्हा सर म्हणाले होते, जिभेच्या मागं गेली.

पण अदितीपेक्षा छातीवर बसायची ती आई. गोदूबाई सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर मासळीवर वाढलेली बाई. धाकटी डहाणू गावची कोळीण टोपली घेऊन दारात आली, तिच्याशी घासाघीस झाली, की मगच तिचा दिवस उजाडायचा. तिच्या पायांना सूज होती. सरांनी कोळणीला वाडीच्या फाटकातूनच परत लावायला सुरुवात केली, आईच्या पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवल्या आणि ताटात कीस. सूज उतरली. हे मान्य करायलाच हवं, सूज उतरली. आख्खी बाईच उतरत चालली होती, तिथं सूज कशी राहणार? शेवटी शेवटी गोदूबाई सुनेला म्हणायची, "मना एक सुका बोंबील भाजून दे गो. खात नाय, चाटते नि ठेवते." मनोरमा सरांकडं बघायची. सर मान हलवायचे. मग ती ताट उचलायची. आता त्यांना आठवतं ते तिचं बघणं. आधी त्यांच्याकडं न बघता तिनं आईचं ताट एकदाही उचललं नव्हतं. दर वेळी एक क्षण मिळत होता. दर वेळी त्यांना 'राहू दे' म्हणता आलं असतं, आणि दर वेळी त्यांची मान आपसूक हलली, जशी आता त्यांची गुरगुर आपसूक निघते.

आई गेली, तेव्हा तिच्या दहाव्याला समुद्रावर सरांनी पानही तत्त्वाला धरूनच मांडलं. भात शिजवलेला नको म्हणून भिजवलेल्या तांदळाचे पिंड, भोवती मोड, कीस, चिकूची फोड. भटजी कुरकुरले, सरांनी त्यांना अग्नी आणि अन्न याविषयी चार शब्द ऐकवले. कावळे सुरूच्या झाडांवर बसून राहिले. ऊन चढलं, माणसांच्या टोप्या घामानं भिजल्या, एकही कावळा खाली उतरेना. "म्हातारीची इच्छा राहिली," कुणीतरी पुटपुटलं. बायका मागं लांब उभ्या होत्या, त्यांतून मनोरमा चालत पुढं आली, पदराची गाठ सोडली आणि भाजलेला सुका बोंबील पानावर ठेवला. तिचा हात मागं जायच्या आत कावळा उतरला. कुणी हसलं नाही, पण सरांना हसू ऐकू आलं, आणि ते पुढं कित्येक महिने ऐकू येत राहिलं. घरी आल्यावर त्यांनी तो बोंबील कुठून आणला, कुणाच्या चुलीवर भाजला, काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या सकाळी तिची जीभ पाहिली आणि म्हणाले, "पांढरी." तिसऱ्या सकाळी पाहिली, म्हणाले, "पांढरी." असं कितीतरी सकाळी. जीभ लाल होती. त्यांना दिसत होती, लालबुंद होती. तिनं कधी आरशात पाहिली का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसांत तिच्या चालण्याचा आवाज यायचा बंद झाला होता, इतकी ती हलकी झाली होती.

आणि आता हीच बाई आत मासे तळते. सर दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात तिनं गॅसची शेगडी घेतली, तवा घेतला, नवी मिठाची बरणी घेतली. दुपारी बाराच्या सुमाराला आतून चुर्र असा आवाज येतो, मग तांदळाच्या पिठात घोळवलेल्या बोंबलांचा वास ओटीवर येतो आणि सरांच्या वाकड्या झालेल्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार उशीवर उतरते. ती बाहेर येते, कापूस ओला करून ती तार पुसते, उशीचा अभ्रा बदलते, आणि परत आत जाऊन एकटी जेवते. दाखवून खात नाही. समोर बसून, काटा काढत, मिटक्या मारत खाल्लं असतं तर त्याला सूड म्हणता आलं असतं, आणि सूड सरांना कळला असता. सकाळी ती त्यांचा लुळा हात धरून वर-खाली करते आणि तोंडानं मोजते, "एक, दोन, तीन, चार," अगदी सरांच्या ठेक्यात, शिट्टीची जागा तेवढी रिकामी ठेवून. मातीची पट्टी ठेवते. जीभ बघते. पाठीला फोड येऊ नये म्हणून कुशी बदलते, आणि चार महिन्यांत पाठीवर पुरळसुद्धा उठली नाही. डॉक्टर येतात तेव्हा हैराण होतात. "अकरा वर्षं मिठाला शिवला नाहीत आणि बीपी एवढं वाढलंच कसं?" मग तिच्याकडं वळून म्हणतात, मीठ बंदच ठेवा. म्हणजे सरकारी शिक्का पण मिळाला. जमनाबेन सगळ्या आळीला सांगतात, "शुं सेवा करे छे! देवी छे देवी." लोक येतात, बघतात, हळहळतात, मनोरमाचं कौतुक करून जातात. सर त्यांच्या चेहऱ्यांकडं बघत राहतात आणि आत ओरडतात की अरे, हे काय चाललंय ते नीट बघा रे. पण नीट काय बघायचं हे त्यांनाच ठरवता येत नाही. त्यांना आता दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, मिठाचा खडा, जिभेवर ठेवून विरघळू द्यायला. आणि दुसरी, ही सेवा आहे की सूड, एवढं कळणं. पहिलं मिळालं असतं तर दुसऱ्याची फिकीर त्यांनी केली नसती, हेही त्यांना स्वतःशी कबूल करावं लागायचं.

'मीठ' या शब्दाची बातमी स्टेशनपर्यंत गेली आणि रविवारी शैलेश चुरी आला. सरांच्या जागेवर लागलेला खेळाचा मास्तर. त्याआधी वर्षानुवर्षं सरांचा हाताखालचा. हसरा, मोठ्या आवाजाचा, आजाऱ्याला हसवलं की तो बरा होतो असं मानणाऱ्या माणसांपैकी. "काय सर! बोलायला लागलात म्हणे!" खाटेच्या कडेवर धपकन बसत तो म्हणाला. "वहिनी, पहिला शब्द काय म्हणाले?"

"मीठ," मनोरमा म्हणाली.

शैलेश खो खो हसला. "म्हणजे मेमरी एकदम ओके! सर, तलासरी आठवतं ना?"

सरांनी डोळे मिटून घेतले आणि घशातून जेवढा मोठा आवाज काढता येईल तेवढा काढला.

"बघा, आठवतं त्यांना! वहिनी, तलासरीला तालुक्याच्या मॅचेस असायच्या ना, आणि नंतर कोचिंग पण होतं दर मंगळवारी. पोरांना जीपमध्ये बसवायचं आणि आम्ही दोघं हायवेच्या धाब्यावर. सरांचं फिक्स असायचं. कांदाभजी आणि तळलेली मिरची. मिरची पण कशी, मिठात घोळवून, इकडून एकदा, तिकडून एकदा. मी म्हणायचो, सर, आणि तुमचं लेक्चर? तर म्हणायचे, अरे, शत्रूला ओळखायचं तर अधूनमधून भेटायला हवं. काय ह्यूमर होता सरांचा!"

"कधीची गोष्ट?" मनोरमानं विचारलं. आवाजात काही नव्हतं.

"पंच्याऐंशीपासून धरा ना. आजारी पडेपर्यंत. तुमच्या सासूबाई अंथरुणाला होत्या बघा, त्या हिवाळ्यात तर दोन-दोन प्लेटा. टेन्शन असेल, मी काय बोललो नाही."

सरांनी डावा हात उचलून खाटेवर आपटला. पुन्हा आपटला. "टाळी मागतायत!" शैलेश म्हणाला आणि त्यांचा तळवा धरून त्यावर खणखणीत टाळी दिली. मनोरमानं त्याला विचारलं, चहा घेणार का. तो म्हणाला, घेईन की, साखर जरा जास्त टाका.

तो गेल्यावर सर वादळाची वाट बघत पडले. भांडी आपटली जातील, ती दारात येऊन उभी राहील, काहीतरी फेकेल. त्यांना जवळजवळ बरं वाटत होतं. आता सूडच, आता शंका नाही. आत चहाची कपबशी विसळली गेली. तेवढ्यात तलासरीची मिरची त्यांच्या समोर आली, तेलानं चकाकणारी, मिठाचे कण लागलेली. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी शैलेशला सांगितलं होतं की तिखट आहे. तिखट नव्हती. मंगळवार होता म्हणूनच बाकीचे दिवस निभावत होते, हे त्यांना ठाऊक होतं. परतताना ते कडुनिंबाची काडी चघळत, विहिरीवर चुळा भरत, आणि ताटावर बसत. तिथवरही एक वेळ माफ करता आलं असतं. पण मग ते काय करत? भरल्या पोटी कीस खात आणि घरच्यांसमोर मिटक्या मारत. "वा! कसा गोड लागतोय बघा!" आई त्यांच्या तोंडाकडं बघायची. अदिती बघायची. मनोरमा बघायची, मग आपला घास तोंडात घालायची आणि डोळे मिटून चावत राहायची, कुठंतरी हरवलेली वस्तू शोधावी तशी. सरांना तेव्हा हसू यायचं. मनातल्या मनात, पण यायचं. ते आठवलं आणि त्यांना वाटलं, हिनं आता आत येऊन तोंडावर उशी दाबली तरी आपण डावा हात वर करणार नाही.

संध्याकाळी ताट आलं, रोजच्याच वेळेला. स्टूल ओढलं गेलं. तिनं चमचा पुढं केला. चेहरा कालच्यासारखा, परवासारखा. हे सरांना सोसवेना. काहीतरी बोल, त्यांना म्हणायचं होतं, शिव्या दे. त्यांनी दात घट्ट आवळले आणि मान भिंतीकडं वळवली. एवढं एकच हत्यार हातात राहिलं होतं. न खाल्लं तर ही विनवील. विनवता विनवता चिडेल. चिडली की बोलेल. मनोरमा चमचा धरून थांबली. मग तिच्या कपाळावरची आठी सुटली. "उपास?" ती म्हणाली. "बरोबर. शरीर मागत असेल." तिनं ताट खाली ठेवलं, पांघरूण नीट केलं. सरांना तेव्हा कुठं कळलं की त्यांच्याच शिकवणीत खाणं नाकारणाऱ्या माणसाला एकच अर्थ होता. तो रुसलेला नसतो, दुखावलेला नसतो, मरायला टेकलेला नसतो. तो बरा होत असतो. आणि उपास करणाऱ्याला खा म्हणणारा तो त्याचा वैरी. हे त्यांनी वाचनालयात इतक्या वेळा सांगितलं होतं की आळीतली पोरंसुद्धा म्हणून दाखवत.

सरांनी आजारपणातही उपास धरला, ही गोष्ट मग मसोलीतून डहाणू रोडपर्यंत गेली. जुने विद्यार्थी आले, डाव्या पावलाला हात लावून गेले. कुणी म्हणालं, तत्त्वाचा माणूस. कुणी आपल्या लठ्ठ बायकोला दाखवायला घेऊन आलं. सर तोंड उघडून काही सांगू बघत, लोक म्हणत, बोलू नका सर, शक्ती जाते. अदिती वापीहून आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिनं विचारलं, "बाबा, खरंच? तुमच्या मनानं?" पोरीच्या आवाजात खरा प्रश्न होता. त्यांना नाही म्हणायचं होतं. पण मनोरमा तिथंच उभी होती, आणि तिच्यापुढं हरायचं नाही हे त्या गेलेल्या उजव्या अंगातसुद्धा शिल्लक होतं. त्यांनी मान हलवली, होय म्हणून. अदितीनं खांदे उडवले आणि आईपाठोपाठ आत गेली. थोड्या वेळानं तवा वाजला, आणि मायलेकी कशाला तरी एकदम हसल्या. अदितीचं हसणं सरांनी या घरात ऐकल्याचं त्यांना आठवेना. ती कशी हसते हे त्यांना माहीतच नव्हतं.

मग भूक आली. आधी नुसतं डोकं ठणकलं, तोंड कडू झालं, मिठाची, मिरचीची, बोंबलाची चित्रं डोळ्यांपुढून धावत राहिली. नंतर एका सकाळी ती सगळी थांबली. दुपारी आत मासे तळले गेले, वास आला, आणि सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. लाळ सुटली नाही. मिठाचा विचार करून पाहिला. मीठ म्हणजे नुसता पांढरा दगड वाटला. घशाच्या मागं, मानेच्या मुळाशी, एक स्वच्छ, थंड, जवळजवळ सुखाची पोकळी होती. आश्रमातले म्हातारे वैद्य याच जागेवर बोट ठेवून सांगायचे, खरी भूक इथं लागते. सरांनी ते शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितलं होतं आणि एकदाही अनुभवलं नव्हतं. दर मंगळवारी जेवणाऱ्याला ती लागणार कुठून? म्हणजे ती आहे. खरोखरच आहे. "भूक," ते म्हणाले. आवाज चिरका आला, पण शब्द पुरता होता.

मनोरमा हात पुसत बाहेर आली. "खरी की खोटी?"

"खरी."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग आत गेली, आणि किसणीचा आवाज आला. स्टूल ओढलं गेलं, चमचा पुढं आला, सरांनी तोंड उघडलं. दुधीचा कीस जिभेवर पडला आणि त्यांना पहिल्यांदा त्यातलं पाणी लागलं, मग हिरवा, ओल्या पानाचा वास, मग आत खोलवरून, दुधासारखी, एक गोडी. ती वाढतच गेली. ते चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोटं बोलून बोलून ज्याची शपथ खाल्ली ते खरं होतं. आईपुढं, अदितीपुढं, अख्ख्या वाचनालयापुढं सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला होता. त्यांना हे तिला सांगायचं होतं, कुणाला नाही तरी हिला. "गोड," ते म्हणाले.

तिचा हात थांबला. "खरंच?"

त्यांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली. तिनं त्यांच्या डोळ्यांत इतक्या जवळून पाहिलं की तिच्या श्वासाला येणारा मासळीचा वास त्यांना लागला. "खरंच गोड लागतोय? माझ्यासाठी म्हणून नाही ना म्हणत?" सरांनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि ताटाकडं ढकलला. खाऊन बघ. तिनं चिमूटभर कीस उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली. सर श्वास रोखून तिच्या गालांची हालचाल बघत होते. आयुष्यात कुठल्या मॅचचा शेवट त्यांनी असा पाहिला नव्हता. लागू दे, त्यांना वाटत होतं, हिला एकदा लागू दे, म्हणजे सगळं फिटलं. तिनं गिळलं.

"मला नाही लागत," मनोरमा म्हणाली. "तेव्हाही नाही लागला, एकदाही नाही. मला वाटायचं, माझीच जीभ खोटी. आईंची खोटी, पोरीची खोटी, तुम्हाला तेवढा लागतो म्हणून तुम्ही खरे. ताट उचलताना आईंचा मला राग यायचा हो. वाटायचं, म्हातारी थोडी भूक आवरत का नाही." तिनं पदरानं ओठ पुसले. "तुम्ही मीठ म्हणालात ना, त्या दिवसापासून मला बघायचंच होतं, असं काही असतं का खरंच. खरी भूक म्हणून. बाकी माझ्या मनात काही नव्हतं."

म्हणजे सेवा नव्हती आणि सूडही नव्हता. ती नुसती बघत होती. जसं त्यांनी तिला अकरा वर्षं पाहिलं, ताट समोर ठेवून, काय होतं ते.

"आहे म्हणायचं," ती स्वतःशीच म्हणाली. "आईंना कुणी उपाशी मारलं नाही मग. थोडं थांबायला हवं होतं त्यांनी." आणि ती हसली नाही, रडली नाही, चमचा भरून तिनं पुढं धरला. सरांना तोंड मिटायचं होतं. त्यांनी जबडा आवळायचा प्रयत्न केला, सगळा जीव दातांत आणला. पण भूक खरी होती. तोंड आपोआप उघडलं, कीस जिभेवर पडला, आणि तो पहिल्या घासापेक्षाही गोड लागला.